पारवा एका टाकीत, वास चार विंगांत

पाणी तपासण्याच्या कामात मी एकोणीस वर्षं प्रयोगशाळेत काढली. आता सोसायट्या, शाळा, वसतिगृहं बोलावतात तिकडे जाते. खालचं प्रकरण पुण्याच्या पश्चिमेकडच्या एका गृहनिर्माण सोसायटीतलं आहे. विंगांची अक्षरं, फ्लॅटचे नंबर आणि माणसांचे तपशील बदलले आहेत. ते पाण्याचं म्हणून माझ्याकडे आलं आणि नाकाचं निघालं. त्यात माझंही नाक आलं, म्हणून सगळं लिहून काढते आहे.

पार्श्वभूमी

अ, ब, क, ड अशा चार विंग, ९६ फ्लॅट, सव्वाचारशेच्या आसपास माणसं. पालिकेचं पाणी सकाळी अडीच तास येतं. ते जमिनीखालच्या टाकीत पडतं आणि पंपाने चारही गच्च्यांवरच्या टाक्यांत चढतं. प्रत्येक विंगची गच्चीवरची टाकी स्वतंत्र. एवढं एक ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे: क विंगच्या टाकीतलं पाणी क विंगच्याच नळांना येतं. ब किंवा ड विंगच्या स्वयंपाकघरात पोचायला त्याला वाटच नाही.

मे महिन्यातल्या एका रविवारी टाक्या धुवायला माणसं आली होती. क विंगच्या टाकीचं झाकण एका कोपऱ्यात तडकलेलं होतं. आत उतरलेल्या पोराने निळ्या बादलीतून जे वर दिलं त्यात भिजलेली पिसं, बारीक हाडं आणि एक लालसर पाय होता. पारव्याचा. गच्चीवर वाळवण घालायला आलेल्या कुणीतरी बादलीचा फोटो काढला आणि साडेअकराच्या सुमारास तो सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडला.

फोटो मीही पाहिला आहे. चांगला स्पष्ट आहे. जरा हललेला असता तर पुढचं निम्मं रामायण टळलं असतं, असं मला अजून वाटतं.

अडचण

सोमवारी तक्रारवहीत १४ नोंदी झाल्या, सगळ्या क विंगच्या. बुधवारी रात्री आकडा ४१ वर गेला. त्यांतल्या १७ क विंगच्या, उरलेल्या २४ अ, ब आणि ड मिळून. वास कसला, तर कुणाला कुजकट, कुणाला मेलेल्या उंदरासारखा, कुणाला ओल्या फडक्यासारखा, कुणाला नुसताच "कसलातरी". एका घरात दोन दिवस वरणभात शिजला नव्हता, बाहेरून डबे येत होते.

आता वहीची आधीची पानं उलटा. मांस पूर्ण गळून नुसती हाडं-पिसं उरली होती, म्हणजे पारवा टाकीत बरेच दिवस पडलेला होता. त्या दिवसांत क विंगचे २४ फ्लॅट तेच पाणी पीत होते, त्यातच आंघोळी, त्यातच चहा. त्या काळात पाण्याच्या वासाची एकही तक्रार नाही. पाणी खरोखर बिघडलेलं असताना कुणाच्या नाकाला काही कळलं नाही आणि टाकी उपसून, घासून, नव्याने भरल्यावर वास सुरू झाला. सेक्रेटरींनी हे मला पहिल्याच फोनवर हसत सांगितलं. मीही हसले. दोघांच्याही मनात निकाल त्या क्षणी लागून गेला होता. पुढे त्याची किंमत एका बाईंनी मोजली, ते येईलच.

कमिटीने पहिलं पाऊल उचललं ते समजण्यासारखं होतं आणि नेमकं चुकीचं होतं. बुधवारी चारही टाक्या पुन्हा धुतल्या आणि टीसीएल पावडर, म्हणजे पाणी निर्जंतुक करायची क्लोरीनची भुकटी, नेहमीच्या दुपटीहून जास्त टाकली. लोकांना दिलासा मिळावा म्हणून. झालं काय, की आतापर्यंत पाण्यात नसलेला वास आता खरोखरच आला, क्लोरीनचा. ग्रुपवर विचारणा झाली, "काही नव्हतंच, तर एवढं औषध कशाला टाकलं?" या तर्काला उत्तर नाही. मी त्या जागी असते तर मीही हेच विचारलं असतं.

गुरुवारपासून पालिकेच्या लाइनीचा वॉल्व्ह बंद करून टँकर सुरू झाले. माणशी दिवसाला १३५ लिटर धरून दहा हजार लिटरचे रोज सहा. टँकरचं पाणी पडत होतं त्याच जमिनीखालच्या टाकीत आणि चढत होतं त्याच क विंगच्या टाकीत. तरी लोक म्हणाले, पाणी आता गोड लागतंय.

नाक एकटं वास घेत नाही

सोसायटीत गेल्यावर मी आधी क विंगच्या गच्चीवर गेले. झाकण उचललं, वाकले, आणि मला वास आला. अर्धा सेकंदच, पण आला. फोटो आदल्या रात्री पाहिलेला होता. मग मान बाहेर काढून, श्वास सोडून पुन्हा वाकले, तेव्हा ओल्या सिमेंटशिवाय काही नव्हतं. हा अर्धा सेकंद मी रिपोर्टात लिहिला नाही. लिहायला हवा होता.

डोळा आणि कान यांच्या मानाने नाक फार मोघम साक्ष देतं. वास फिका असला की तो कशाचा, बरा की वाईट, हे ठरवायला मेंदू बाकीच्या गोष्टी हाताशी घेतो: काय पाहिलं, काय ऐकलं, काय अपेक्षित आहे. १८९९ मध्ये वायोमिंग विद्यापीठात एडविन स्लॉसन नावाच्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाने भर वर्गात एक बाटली उघडून कापसावर ओतली आणि सांगितलं की वासाचा प्रसार किती वेगाने होतो ते पाहायचं आहे, वास आला की हात वर करा. पुढच्या रांगेतले हात काही सेकंदांत वर गेले, मग मागचे. शेवटी वर्गातल्या पाऊणएक लोकांनी वास आल्याचं सांगितलं. पुढच्या रांगेतल्या काहींना तो सोसवेना. बाटलीत ऊर्ध्वपातित पाणी होतं.

हा किस्सा मजेदार आहे म्हणून सगळे सांगतात. मला या सोसायटीत जास्त उपयोगी पडलं ते वासावर संशोधन करणाऱ्या पामेला डाल्टन यांचं १९९६ मधलं काम. एरवी कुठलाही वास सतत येत राहिला की नाक त्याला सरावतं. मासळीबाजारातल्या माणसाला मासळीचा वास येत नाही तो यामुळे. डाल्टन यांनी एकाच वासात लोकांना बसवलं. काहींना तो अपायकारक असू शकतो असं सूचित केलं, काहींना तो चांगला असल्याचं. चांगला समजणाऱ्यांना वास हळूहळू फिका वाटत गेला. अपायाची शंका असलेल्यांच्या नाकाने सरावणं सोडून दिलं, त्यांना तो वाढतच असल्यासारखा वाटला. क विंगमधल्या एक काकू मला सांगत होत्या, "पहिल्या दिवशी एवढा नव्हता हो, आता रोज वाढतोय." क्लोरीनचं प्रमाण त्या दिवसांत कमी कमी होत गेलं होतं. पण काकू खोटं बोलत नव्हत्या. त्यांना वाढताना येत होता.

तिसरी गोष्ट लक्षाची. पालिकेच्या पाण्याला क्लोरीनचा हलका वास कायम असतो. आपण तो कधी हुंगतच नाही. १९५४ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत सिअ‍ॅटल आणि आसपासच्या गावांत मोटारींच्या पुढच्या काचांवर बारीक खड्डे पडल्याच्या तक्रारींचा पूर आला. अणुचाचण्यांच्या राखेपासून समुद्री पिसवांच्या अंड्यांपर्यंत कारणं निघाली, महापौरांनी थेट राष्ट्राध्यक्षांकडे मदत मागितली. खड्डे खरेच होते. वापरातल्या प्रत्येक गाडीच्या काचेवर ते असतातच. फरक एवढाच, की लोक आजवर काचेतून पाहत होते, ते आता काचेकडे पाहायला लागले. आपल्याकडे उलट्या बाजूचा नमुना आहे. ऑगस्ट २००६ मध्ये माहीमच्या खाडीचं पाणी गोड झाल्याची बातमी पसरली आणि हजारो लोकांनी तिथलं गढूळ पाणी ओंजळीने प्यायलं, बाटल्या भरून घरी नेलं. पावसाळ्यात खाडीत गोडं पाणी मिसळतं, खारटपणा उतरतो, तेवढा धागा खरा. पण त्या पाण्यात दिसणारी घाण त्या दिवशी कुणाला दिसेना.

आणि चौथी, किळस. इथे क विंग आणि बाकीच्या तीन विंगा वेगळ्या करायला हव्यात. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या पॉल रोझिन आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निर्जंतुक केलेलं मेलेलं झुरळ फळांच्या रसात क्षणभर बुडवून काढलं. झुरळ निर्जंतुक आहे हे लोकांना सांगितलेलं होतं. तरी त्यांना तो रस नकोसा झाला. किळस जंतू मोजत नाही. एकदा शिवलं ते शिवलं. आपल्या घरांतून सोवळ्या-ओवळ्याच्या, उष्ट्या-खरकट्याच्या ज्या कल्पना रुळलेल्या आहेत त्यांची चाल हीच आहे, आणि तिला लॅब रिपोर्टचा आकडा दाखवून काही होत नाही.

जाता जाता. चौथ्या-पाचव्या दिवशी ग्रुपवरचा सूर पारव्यावरून टाकी धुणाऱ्या पोरांवर घसरला होता. "कुठल्या वस्तीतली आहेत, पाय धुऊन उतरतात का, विचारलंय का कुणी?" हे वाचताना मला महाडचं तळं आठवलं. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्यासोबतच्या लोकांनी चवदार तळ्याचं पाणी प्यायलं आणि नंतर गावातल्या सवर्णांनी तळ्यात पंचगव्य ओतून ते "शुद्ध" करून घेतलं. पाण्यात काय आहे आणि पाणी कुणी शिवलं, या दोन प्रश्नांची गल्लत आपल्याकडे जुनी आहे. ज्या पोराने पारवा शोधून बाहेर काढला, त्याच्यावरच संशय येत होता. सेक्रेटरींनी ती चर्चा तिथल्या तिथे बंद केली. या प्रकरणात त्यांनी केलेलं सगळ्यांत चांगलं काम ते.

तपासणी

मी पोचले तो नववा दिवस, मंगळवार. त्या दिवशी टँकर थांबवून टाक्या पालिकेच्या पाण्याने भरून घेतल्या होत्या. सात नमुने घेतले: जमिनीखालची टाकी, गच्चीवरच्या चार टाक्या, क विंगच्या तळमजल्याचा स्वयंपाकघरातला नळ आणि आदल्या दिवशी रिकामा न झालेला एक टँकर. नळाचं तोंड स्पिरिटच्या बोळ्याने भाजून घ्यायचं, पाणी दोन मिनिटं सोडायचं, मग निर्जंतुक बाटली भरायची. बाटलीत आधीच थायोसल्फेट असतं, ते क्लोरीन मारतं, नाहीतर वाटेतच जंतू मरून रिपोर्ट फुकटचा चांगला येतो. बाटल्या बर्फाच्या डब्यात.

क्लोरीन जागेवरच पाहिलं. ओटीचे, म्हणजे क्लोरीन असेल तर पाणी पिवळं करणाऱ्या ऑर्थोटोलिडिनचे, थेंब टाकले, पाणी फिकट पिवळं झालं, गच्चीवर ०.३ आणि नळाला ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर. भारतीय मानकात किमान ०.२ हवं. टँकरच्या पाण्यात तेच थेंब टाकले, तर रंग बदललाच नाही.

गुरुवारी रिपोर्ट आला. पालिकेच्या पाण्याच्या सहाही नमुन्यांत कोलिफॉर्म, म्हणजे पाण्यात घाण मिसळल्याची खूण असलेले जिवाणू, नाहीत, विरघळलेले क्षार १४० च्या आसपास. टँकरच्या नमुन्यात क्षार ९१० आणि कोलिफॉर्म हजर. म्हणजे लोक ज्याला नाक मुरडत होते ते पाणी स्वच्छ, आणि ज्याला गोड म्हणत होते ते बोअरचं, क्लोरीन न घातलेलं.

शुक्रवारी रात्री क्लबहाउसात सभा झाली. मी रिपोर्ट वाचून दाखवला. मागून आवाज आला, "मॅडम, तुमची फी कमिटीनेच दिली ना?"

पर्याय

त्या रात्री सेक्रेटरी, खजिनदार आणि मी पार्किंगमध्ये उभ्याउभ्या दीड तास बोललो. चार वाटा होत्या.

रिपोर्ट नोटीस बोर्डावर लावून पालिकेचं पाणी सोडायचं आणि ओरड आपोआप शमू द्यायची, असं खजिनदारांचं म्हणणं. खर्च शून्य. पण सभेत जे झालं त्यानंतर हे म्हणजे आगीवर कागद ठेवणं होतं.

टँकर पुढे चालू ठेवायचे, हे मी कोलिफॉर्मचा आकडा दाखवून तिथेच खोडलं.

चारही टाक्या काढून नव्या बसवायच्या. सेक्रेटरींचा कल इकडे होता. "लोकांना डोळ्यांनी दिसेल काहीतरी बदललंय." मी विरोध केला. चारही बदलल्या तर पाणी चारही विंगांत बिघडलं होतं हे आपणच कबूल केल्यासारखं होईल, असा माझा मुद्दा होता. अ, ब, ड च्या बाबतीत तो आजही बरोबर वाटतो. क च्या बाबतीत मी चुकले. तिथे पारवा खरोखर सापडला होता. तिथली किळस ही अफवा नव्हती.

चौथी वाट माझी: डोळे झाकून चाचणी. लोकांनी स्वतःच हुंगून-चाखून ठरवायचं. सगळ्यांनी हीच धरली. खर्च फारसा नव्हता आणि, खरं सांगायचं तर, मला ती करून पाहायची हौसही होती.

चाचणी

रविवार सकाळ. चारही टाक्यांत पालिकेचं पाणी पुन्हा घेतलेलं. क विंगच्या टाकीतलं पाणी आणि रस्त्यावरच्या लाइनीतून थेट घेतलेलं पाणी, दोन्ही झाकणाच्या काचेच्या बरण्यांत तीन तास शेजारी ठेवली, म्हणजे गार-कोमट असा फरक राहू नये. तक्रार केलेल्या ४१ जणांपैकी २४ आले. प्रत्येकासमोर तीन पेले, दोन एका पाण्याचे, एक दुसऱ्याचा. वेगळा कुठला ते ओळखायचं. पेल्यांवर १, २, ३ लिहायचं नाही, माणसं विनाकारण मधला उचलतात. म्हणून तीन आकडी चिठ्ठ्या चिकटवल्या. पेले भरणारा माझा सहायक स्वयंपाकघरात बसला. बाहेर पेले मांडणाऱ्या दहावीतल्या मुलीला कुठल्या चिठ्ठीत काय हे ठाऊक नव्हतं. चिठ्ठ्यांचा क्रम काढायला मी मुद्दाम सभेत मागून आवाज देणाऱ्या काकांनाच बसवलं. ते बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी प्रत्येक पेल्याची नोंद शाईच्या पेनाने केली आणि खाली सही ठोकली.

नुसत्या अंदाजाने २४ पैकी ८ जणांचं बरोबर यायला हवं. ९ जणांचं आलं. फरक खरोखर जाणवतो म्हणायला निदान १३ लागले असते. काकांनी बेरीज दोनदा केली, चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "बरं, मला पण नाही आलं ओळखता." हॉलमध्ये हशा झाला. बऱ्या मनाने आलेला हशा होता तो. मी तिथे थांबायला हवं होतं.

पण माझ्याकडे दुसरा भाग तयार होता. दोन जग टेबलावर ठेवले, एकावर "पालिका लाइन" लिहिलेलं, दुसऱ्यावर "क विंग टाकी". दोन्ही एकाच बरणीतून भरलेले. कुठल्याला वास जास्त, विचारलं. १९ जणांनी क विंगचा जग दाखवला. मग मी बरणी वर धरून सांगितलं की दोन्ही पाणी एकच आहे. आणि पुढे म्हणाले, "वास पाण्यात नाही, मनात आहे."

हशा आला नाही. ब विंगच्या एक आजी उठून चपला घालायला लागल्या. काका म्हणाले, "म्हणजे आम्ही इतके दिवस खोटं बोलत होतो असं म्हणायचंय तुम्हाला?"

मला तसं म्हणायचं नव्हतं. पण मराठीत "मनात आहे" याचा दुसरा अर्थ तरी काय होतो? मनचे खेळ, मनाचे लाड, मनचं काढलेलं. ज्या माणसाला वास येतो त्याला तो येतोच. बाहेरचा रेणू आणि आतली शंका यांचा वास मेंदू वेगळा ठेवत नाही, हे मला पाच मिनिटं देऊन नीट सांगता आलं असतं. गच्चीवरचा माझा अर्धा सेकंद सांगितला असता तरी पुरलं असतं. मी लोकांना पकडलं, आणि पकडलेला माणूस ऐकत नाही, फक्त गप्प बसतो.

निकाल

दहा दिवसांत तक्रारी ४१ वरून ६ वर आल्या. टँकर बंद झाले. तोवर ५४ टँकरचे ८१ हजार रुपये गेले होते. क विंगच्या टाकीला नवं झाकण, कुलूप आणि वाहत्या पाइपाच्या तोंडाला जाळी बसली. कमिटीने हे यश मानलं, माझी फी दिली आणि शेजारच्या दोन सोसायट्यांना माझा नंबरही दिला.

उरलेल्या सहांत चार घरं क विंगची. ती पिण्यासाठी वीस लिटरचे जार घेत होती. पाचवे गृहस्थ सगळ्याच गोष्टींची तक्रार करत. सहावी तक्रार ड ५०३ ची.

ड ५०३

तिथल्या ताई मुलीकडे दोन महिने राहून जूनच्या पहिल्या आठवड्यात परतल्या होत्या. फोटो, सभा, चाचणी यांतलं काहीच त्यांनी पाहिलं नव्हतं, ग्रुपवरही त्या नव्हत्या. ही एकच गोष्ट माझे कान टवकारायला पुरेशी होती. पण सेक्रेटरी म्हणाले, "अजून एक राहिलंय बघा," आणि मी त्यांच्याबरोबर वर गेले ती "अजून एक" पाहायला.

माझी त्या दिवसाची वही समोर आहे. ताईंचे शब्द माझ्याच अक्षरात: "आंघोळीच्या पाण्याला सडक्या अंड्यासारखा." त्याच्याखाली माझी नोंद: "स्वयंपाकघराचा नळ, दोन मिनिटं सोडून. वास आढळला नाही." मी मोरीत गेलेच नाही. गरम पाण्याचा नळ उघडलाच नाही. बाकीच्या लोकांचा वास पाच तऱ्हांचा, मोघम होता. यांचा एका शब्दात, एका जागी, एका नळाला बांधलेला होता. सडक्या अंड्याचा वास म्हणजे हायड्रोजन सल्फाइड, हे मी झोपेतही सांगेन. आणि तरी ते वाक्य लिहिताना माझा हात थांबला नाही. निघताना मी त्यांना म्हणाले, "ताई, चार दिवसांत सवय होईल."

तीन आठवड्यांनी त्यांचा गिझर गरम होईना म्हणून प्लंबर आला. त्याने खालचा बोल्ट सोडला आणि मोरीभर वास सुटला. आतला मॅग्नेशियमचा दांडा काळा पडून अर्धा खाऊन गेलेला. त्याने सेक्रेटरींना बोलावलं, सेक्रेटरींनी मला फोन लावून एवढंच म्हटलं, "मॅडम, या वेळी आहे बरं का."

झालं होतं असं. गिझरची टाकी गंजू नये म्हणून आत हा दांडा बसवलेला असतो. पाण्यात सल्फेट असेल, क्लोरीन नसेल आणि पाणी कोमट पडून राहिलं, तर त्यावर जगणारे जिवाणू दांड्याच्या मदतीने सल्फेटचं सल्फाइड करतात. टँकर चालू होते त्या दिवसांत ताईंचा मुलगा कामासाठी येऊन दोन दिवस राहिला, गिझर वापरला, घर बंद करून गेला. गिझरमध्ये बोअरचं पाणी राहिलं. क्लोरीनचा सोडला, तर या सबंध प्रकरणात पाण्याला जो एक खरा वास आला तो त्या गोड पाण्याचा होता, जे आम्ही वासावरचा उपाय म्हणून आणलं होतं.

गिझर उपसून धुतला, दांडा बदलला, तापमान वाढवून काही तास ठेवला. वास गेला.

आज करायचं झालं तर

पहिल्या दिवशी टीसीएल वाढवणार नाही. उलट ग्रुपवर एक साधं चित्र टाकायला सांगेन: चार टाक्या, चार वेगळे पाइप. २४ तक्रारी अशा विंगांतून होत्या जिथे त्या पारव्याचं पाणी पोचूच शकत नव्हतं, आणि हे त्यांना चाचणीच्या दिवसापर्यंत कुणी काढून दाखवलं नव्हतं. सगळ्यांना ते माहीत असेल असं आम्ही धरून चाललो.

क विंगची टाकी बदलायला सांगेन, फक्त क ची. रिपोर्ट चांगला असला तरी. आणि जुनी टाकी उतरवताना ती लोकांना दिसेल अशा वेळी, रविवारी सकाळी. तशी ती एप्रिलमध्ये बदलली असती तरी चाललं असतं, झाकण तेव्हाच तडकलेलं होतं.

चाचणीचा पहिला भाग ठेवेन, जगांचा भाग गाळेन. काकांनी चष्मा पुसला तिथे सभा संपवेन.

आणि तपासणीच्या पद्धतीत एक बदल मी केलाच आहे. आता तक्रार ऐकणारा आणि वास घेणारा वेगळा असतो. माझ्या सहायकाला मी फक्त फ्लॅट नंबर आणि नळांची यादी देते. लोक काय म्हणाले, किती म्हणाले, सेक्रेटरींना काय वाटतं, यांतलं काही सांगत नाही. तो जाऊन प्रत्येक नळ, गार आणि गरम, हुंगतो आणि शब्द लिहितो. मग मी वही उघडते. याला वेळ दुप्पट लागतो आणि सोसायट्या कुरकुर करतात.

त्या सोसायटीच्या तक्रारवहीत आता रकाने आखलेले आहेत: कुठला नळ, गार की गरम, किती वाजता, कशासारखा. शेवटचा रकाना ताईंनी सुचवला. क विंगमधली चार घरं अजून जार घेतात. त्यांना मी काही म्हटलेलं नाही.